पांढरीच्या मातींतील साक्ष

आपल्या प्रांतांत पुष्कळ गांवांच्या शेजारीं, नदीच्या कांठीं, राखी रंगाच्या मातीचा एक उंचवटा असतो. त्यास लोक पांढरी असें म्हणतात. ती माती खतासारखी कसदार, म्हणून शेतकरी गाड्या भरभरून ती शेतांत नेतात. परंतु ती कसदार कां झाली, याचा विचार थोडेच करितात. तेथें पूर्वीं माणसें नांदत होतीं. त्यांच्या चुलींची राख, गोठ्यांतील शेण, पडलेल्या भिंती व फुटकीं खापरें थरावर थर सांचून तो उंचवटा झाला. अशा मातींतून काय कळतें, हें एका ठिकाणच्या उदाहरणावरून वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें डेक्कन कॉलेजांतील डॉ. हसमुख सांकळिया, डॉ. मधुकर ढवळीकर, डॉ. अन्सारी इत्यादि विद्वानांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलें. खालचा थर आधींचा व वरचा मागाहूनचा, हा त्यांचा मुख्य नियम. म्हणून कोणती वस्तु कोणत्या थरांत निघाली, याची ते काळजीपूर्वक नोंद ठेवीत. थरांतील कोळशाची परीक्षा करून त्याचें वय काढितां येतें. यावरून असें ठरलें कीं, इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे जवळजवळ ९०० वर्षें, तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती.

त्या लोकांनीं लिहिलेलें एकही अक्षर मिळालें नाहीं. तरी त्यांच्या १३० हून अधिक घरांच्या जमिनी, चुली व धान्याचीं पेवें यांवरून त्यांचा संसार समजतो. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून ते जव, गहूं, मसूर व कुळीथ पिकवीत, हें कळलें. तांबें थोडें असल्यामुळें त्यांचीं बहुतेक पातीं गारगोटीसारख्या दगडाचीं होतीं. नदीचें पाणी शेतांकडे वळविण्यास त्यांनीं कालवा खणून बांध घातला होता. वस्तीच्या मध्यभागीं पांच खोल्यांचें एक मोठें घर व त्याजवळ धान्याचें कोठार निघालें. तें गांवाच्या मुख्याचें असावें, असें विद्वान मानितात.

लहान मूल मेलें म्हणजे ते दोन मडकीं तोंडास तोंड लावून त्यांत त्याला ठेवीत व घराच्याच जमिनीखालीं पुरीत. ज्यांनीं आपलीं लेकरें मातीस दिलीं आहेत, त्यांस याचा अर्थ सांगावयास नको.

इसवी सनापूर्वीं सुमारें १००० नंतरच्या थरांत मोठीं चौकोनी घरें जाऊन लहान वाटोळ्या झोंपड्या दिसूं लागतात. पाऊस कमी झाल्यामुळें हे लोक दरिद्री झाले, असें खोदकाम करणाऱ्यांचें मत आहे. शेवटीं वस्ती उठली. अवर्षण म्हणजे काय, हें शिरूर व नगरकडील वाचक चांगलें जाणतात.

आतां दुसरें उदाहरण पहा. अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरा नदीच्या कांठीं दायमाबाद आहे. तेथें १९७४ सालीं एक शेतकरी झाडाचें मूळ खणीत असतां त्यास धातूचीं चार मोठीं चित्रें सांपडलीं: हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैल जोडलेला रथ व त्यांतील मनुष्य. तीं फार मोलाचीं आहेत. परंतु थरांची नोंद होण्यापूर्वींच तीं बाहेर निघालीं, म्हणून त्यांच्या वयाविषयीं विद्वानांत वाद राहिला. यांत त्या शेतकऱ्याचा कांहीं दोष नाहीं. पण वस्तु हातीं राहिली तरी तिची जागा हरवली म्हणजे तिची अर्धी साक्ष जाते, हें यावरून समजावें.

यास्तव आमची वाचकांस विनंति आहे कीं, पांढरीची माती उकरून नेऊं नये. शेतास खत दुसरें मिळेल, पण उकरलेला थर पुन्हां रचितां येत नाहीं. नांगरतांना रंगीत खापर, मणी किंवा तांब्याची वस्तु दिसली, तर ती जागा न उकरितां शिक्षकास दाखवावी व तहसील कचेरींत कळवावें. जमिनींत सांपडलेला ठेवा सरकारास कळविलाच पाहिजे, असा १८७८ सालचा कायदाही आहे.

राजांचीं नांवें शिलालेखांवर राहतात. ज्यांनीं जव पेरला व बांध घातला, त्यांची साक्ष या मातींतच आहे. ती राखणें आपल्या हातीं आहे.