जुन्या कम्बाईन हार्वेस्टरची हायड्रोस्टॅटिक चाल : दोष शोधण्याचा क्रम

दुर्ग–राजनांदगाव लोहमार्गावरील रसमड़ा हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी त्याच्या भोवतालचा प्रदेश धानाचाच आहे. येथून पश्चिमेस गोंदिया–भंडाऱ्यापर्यंत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकाच वेळी कापणी सुरू होते आणि जुनी, हातबदल झालेली कम्बाईन यंत्रेही कामाला जुंपली जातात. ऐन हंगामात असे यंत्र बांधीत थांबले, तर नुकसान केवळ भाड्याचे होत नाही. पक्व धानावर लष्करी अळी असल्यास ती दिवसा बुंध्याशी व जमिनीच्या भेगांत लपते आणि रात्री वर चढून लोंब्या कुरतडून खाली पाडते. पडलेली लोंबी कोणतेही यंत्र उचलत नाही. अशा शेतात कापणी लांबण्याची प्रत्येक रात्र उत्पन्नातून वजा होते. म्हणूनच दोष लवकर आणि अचूक ओळखणे हा पीक संरक्षणाचाही भाग ठरतो.

हायड्रोस्टॅटिक चालीत इंजिनावर फिरणारा पिस्टन पंप तेल दाबाखाली मोटरकडे पाठवतो व मोटर चाके किंवा पट्टे फिरवते. चालकाचा दांडा पंपातील तिरप्या तबकडीचा कोन बदलतो. त्यावरून वेग आणि दिशा ठरते. या बंदिस्त वर्तुळातून झिरपणाऱ्या तेलाची भरपाई चार्ज पंप नावाचा छोटा पंप करतो. जुन्या यंत्रातील बऱ्याच तक्रारींचे मूळ या छोट्या पंपाच्या बाजूस असते, मात्र दोष मोठ्या पंपाच्या माथी मारला जातो. पंप उघडणे हा अखेरचा उपाय आहे, पहिला नव्हे.

यंत्र पुढे-मागे दोन्ही दिशांना मंद चालत असेल, तर प्रथम तेलाबाहेरची कारणे तपासावीत. पंपाला फिरवणारा पट्टा घसरतो काय, ब्रेक अडकून राहतो काय, दांड्याची केबल ताणली जाऊन तबकडी पूर्ण कोनापर्यंत जाते की नाही, हे साध्या डोळ्यांनी कळते. त्यानंतर तेलाची पातळी व रंग पाहावा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे. फेसाळ तेल म्हणजे शोषण नळीच्या सांध्यातून हवा ओढली जात आहे. पंपातून किंचाळल्यासारखा आवाज येत असल्यास तेल पुरेसे पोहोचत नाही असे समजून शोषण बाजूचा फिल्टर, नळी आणि टाकीचे श्वसनछिद्र पाहावे.

या श्वसनछिद्राकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. आठ-नऊ महिने उभ्या असलेल्या यंत्राच्या अशा छिद्रात मातीची घरटी बांधणारी कुंभारीण माशी बिनदिक्कत घर करते. छिद्र बुजले की टाकीत निर्वात निर्माण होतो आणि चार्ज पंप उपाशी राहतो. ही कल्पना दूरची वाटू नये. कोळ्यांनी इंधन टाकीच्या वायुनलिकेत जाळी विणल्यामुळे 2011 मध्ये अमेरिकेत एका कंपनीला हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या. हंगाम संपताच छिद्रावर बारीक जाळी बसवावी. झाकण हवाबंद मात्र करू नये.

एवढे करूनही दोष राहिला, तर चार्ज दाब मोजावा. अनेक यंत्रांत तो साधारण 15 ते 25 बार असतो, तथापि त्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. भिलाईसारख्या पोलाद उद्योगाच्या परिसरात दाबमापक वापरणारा हायड्रॉलिक कारागीर शोधणे अवघड नाही. अंदाजाने पंप सोडणाऱ्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

यंत्र थंड असताना ठीक व तासाभराने मंद होत असेल, तर आधी तेल थंड करणारी जाळी पाहावी. धानाचा कोंडा व तूस तिच्यात घट्ट बसते आणि तापलेले तेल पातळ होऊन आतल्या आत झिरपते. जाळी स्वच्छ असूनही तक्रार कायम राहिली, तर पंप किंवा मोटर झिजली असण्याचा संभव मोठा. दोहोंच्या आवरणातून टाकीकडे परतणाऱ्या तेलाचे प्रमाण मोजल्यास झिजलेला भाग कोणता हे समजते.

केवळ एकाच दिशेला जोर कमी असल्यास चार्ज पंपावर संशय घेऊ नये, कारण तो दोन्ही दिशांना सामाईक असतो. येथे त्या बाजूचा रिलीफ व्हॉल्व्ह तपासावा. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच मापाचे असतील तर त्यांची अदलाबदल करावी. दोष दिशा बदलून दुसरीकडे गेला, तर निदान निश्चित झाले.

फिल्टर कापून पाहिल्यावर पितळी चकाकीचे कण दिसले, तर यंत्र त्याच जागी थांबवावे. अशा वेळी फक्त पंप बदलून भागत नाही. मोटर, नळ्या, टाकी व थंड करणारी जाळी धुतल्याखेरीज तेच कण नवा पंपही खातात. बंद पडलेले यंत्र ओढून नेताना गिअर न्यूट्रलमध्ये असावा, अन्यथा चाकांबरोबर मोटर तेलाविना फिरते.

गळती शोधताना हात कधीही फिरवू नये. मुख्य नळीतील दाब शेकडो बार असतो आणि सुईएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार कातडीच्या आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गळतीसाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.