दगला

हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेव शिंपी कुळातील होते. सुई, दोरा व कात्री यांचे दाखले त्यांच्या काव्यातही आढळतात. या परिसरातील काळ्या जमिनीत कापूस पिकतो.

दोन कापडांच्या मधे कापूस घालून शिवलेल्या लांब अंगरख्यास पूर्वी दगला म्हणत. थंडीत तो ऊब देई. शस्त्राचा वार सौम्य व्हावा म्हणून सैनिकही असे जाड कपडे वापरीत.

दगल्यासाठी प्रथम कापसातील सरकी काढीत. मग पिंजारी धनुकलीच्या तातीने तो पिंजून मोकळा करी. शिंपी अस्तरावर त्याचा सारखा थर पसरी, वर दुसरे कापड घाली आणि धावदोरा घालून तिन्ही थर एकत्र बांधी. या कामात टाक्यांचे अंतर फार महत्त्वाचे असे. टाके विरळ पडले, तर कापूस खाली उतरून त्याचे गोळे होत व खांदे उघडे पडत. टाके फार दाट पडले, तर थर दबून जाई व ऊब कमी होई. कारण तंतूंमध्ये अडकलेली हवाच शरीरातील उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

कापूस भिजला की चपटा होतो. लोकरीचे तंतू कुरळे असल्याने दाबले तरी पुन्हा फुलतात. म्हणून थंड व दमट हवेत लोकर अधिक उपयोगी पडते. साधन कोणतेही असो, त्याला जागेवर राखण्याचे काम लहानसा टाकाच करतो.

स्वाध्याय
१. टाके विरळ किंवा फार दाट पडल्यास काय होत असे?
२. घरातील गोधडी पाहून तिच्या थरांचे व टाक्यांचे वर्णन लिहा.