पेणच्या मूर्तिकाराचे वर्ष

रायगड जिल्ह्यातील पेण हे भोगावती नदीकाठचे तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे नाव कुलाबा होते तेव्हापासून, म्हणजे १९८१ च्या आधीपासून, येथील गणेशमूर्तींची ख्याती आहे. पेण शहरातील कारखान्यांप्रमाणेच हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या परिसरातील गावांतूनही हे काम घरोघरी चालते. मूर्ती दहा दिवसांची आणि तिच्यामागचे काम वर्षभराचे, हे सर्वसाधारणपणे ठाऊक असते. ते वर्ष कसे व्यतीत होते, याची माहिती मात्र ज्यांच्या निर्णयांचा या कामावर परिणाम होतो त्यांनाही क्वचितच असते.

मूर्तिकाराचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि सरकारी वर्षाप्रमाणे एप्रिलमध्येही नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ते पुढील भाद्रपद शुद्ध चतुर्थी हा त्याचा हिशेबाचा काळ. ७ सप्टेंबर २०२४ पासून २७ ऑगस्ट २०२५ पर्यंतचे वर्ष ३५४ दिवसांचे होते. त्यापुढचे, १४ सप्टेंबर २०२६ च्या चतुर्थीपर्यंतचे, अधिक मासामुळे ३८३ दिवसांचे. माती, रंग आणि मजुरी यांवर खर्च वर्षभर होतो. विक्रीची बहुतेक रक्कम अखेरच्या काही आठवड्यांत हाती येते. कर्जाचा हप्ता मात्र इंग्रजी तारखेनेच भरावा लागतो, त्याला अधिक मास ठाऊक नसतो.

चतुर्थी उलटली की मूर्तिकार मागे वळून पाहतो. कोणती मूर्ती आधी उचलली गेली, कोणती फळीवरच राहिली, कोणत्या बैठकीला गिऱ्हाइकांनी नाके मुरडली, याचा हा आढावा बहुधा कागदावर उतरत नाही. तो नव्या नमुन्यात उतरतो. कारखान्यातील प्रमुख कलावंत मातीत एकच मूर्ती हाताने घडवितो. सोंडेचे वळण, पोटाचा घेर, मांडीचा ठेवा, हातांची ठेवण हे सारे त्या एका मूर्तीत निश्चित होते. तिच्यावरून साचा काढला जातो. अलीकडे त्यासाठी रबराचा सर्रास उपयोग होतो. साच्यातून पुढे शेकडो प्रती निघतात.

साच्यातून निघालेल्या मूर्तीला हस्तकला कसे म्हणावे, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. कारखान्यात तासभर उभे राहिल्यास तो टिकणार नाही. साच्यातून बाहेर येतो तो केवळ आकार. हात, सोंड, कान जोडणे, सांधे बुजविणे, ओल्या कुंचल्याने अंग गुळगुळीत करणे, पांढरा हात देणे, अंगरंग, पीतांबर, दागिने अशी कामे त्यानंतर असतात आणि त्यांतील बराच भाग स्त्रिया करतात. शेवटी येते ती आखणी, म्हणजे डोळे रेखाटण्याचे काम. भुवईची रेघ, पापणीची कड, बुबुळ आणि त्यातील प्रकाशाचा ठिपका हे सारे बारीक कुंचल्याने काढायचे असते. दोन्ही डोळ्यांची नजर एकाच ठिकाणी स्थिरावली पाहिजे आणि समोर बसलेल्या माणसाला मूर्ती आपल्याकडेच पाहत आहे असे वाटले पाहिजे. पेणच्या मूर्तीचे नाव मुख्यतः याच कौशल्यावर झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. आखणी करणारे हात प्रत्येक कारखान्यात थोडेच असतात व ते काम घाईने उरकता येत नाही. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गामूर्तीचे डोळे महालयेच्या दिवशी रेखाटण्याची प्रथा आहे. तेथेही सर्व शोभा या अखेरच्या रेघांवर अवलंबून असते.

माती की प्लास्टर

कोकणातील जुनी पद्धत अशी की, गृहस्थाने आपल्या घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यावा आणि मूर्तिकाराने त्यावर मातीची मूर्ती घडवावी. किती मूर्ती हव्यात हे पाट मोजून कळत असे. मागणी मुंबई, पुणे आणि पुढे परदेशापर्यंत वाढली तेव्हा शाडू मागे पडली व प्लास्टर ऑफ पॅरिस आले. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होते. मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलकी आणि प्रवासात टिकणारी होते. शाडू जड असते, वाळताना आकसते, ऊन लागले तर तडकते आणि सावलीत वाळावयास अनेक दिवस घेते. शिवाय ती मुख्यतः गुजरातेतील भावनगरकडून आणावी लागते.

पाण्यात या दोहोंची वागणूक उलट आहे. शाडू थोड्या वेळात विरघळून तळाशी बसते. प्लास्टर पाण्याशी संयोग होऊन जिप्सम बनलेले असते व ते फार सावकाश विरघळते. खाडीच्या काठावर दुसऱ्या दिवशी पडलेले भग्न अवयव कोणाही ग्रामपंचायत सदस्याने पाहिलेले असतात. बंदीमागील कारण त्यामुळे खरेच आहे. प्रश्न उरतो तो वेळेचा.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनविषयक मार्गदर्शक तत्त्वे २०१० साली आली. प्लास्टरला मनाई करणारी सुधारित तत्त्वे १२ मे २०२० रोजी निघाली. तोवर त्या वर्षीच्या मूर्ती घडून तयार होत्या. अंमलबजावणी वर्षभर पुढे गेली. परंतु ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जुलैत, साथीमुळे, सार्वजनिक मूर्तीस चार फूट व घरगुती मूर्तीस दोन फूट अशी उंचीची मर्यादा ठरली. त्याहून उंच मूर्ती ज्यांनी घडविल्या होत्या त्यांचे त्या वर्षीचे भांडवल कारखान्यातच अडकले.

२०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारीस या तत्त्वांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश दिले. ९ जूनला मूर्ती घडविण्याची व विकण्याची मुभा मिळाली. नैसर्गिक जलाशयातील विसर्जनावर मात्र निर्बंध राहिला. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करण्याचे बंधन आले. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जानेवारी ते मे हे पाच महिने कोकणात ओतकामाचे आणि वाळवणीचे. याच काळात न रंगविलेल्या कच्च्या मूर्ती इतर शहरांतील रंगकाम करणाऱ्यांकडे जाऊ लागतात व परदेशच्या मूर्ती जहाजावर चढतात. त्या वर्षी पाऊसही मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. ज्याने जानेवारीतील निर्देशानुसार प्लास्टरचे काम थांबविले त्याला जूनमधील मुभेचा फारसा उपयोग नव्हता, आणि ज्याने ते चालू ठेवले त्याने मोठी जोखीम पत्करली. नियम पाळणाऱ्याचे नुकसान अधिक व्हावे, ही स्थिती प्रशासनालाही हितावह नाही. पुढील हंगामासाठीचा निर्णय विसर्जनानंतर लगेच, आश्विनात जाहीर झाला तर नवा नमुना, साचा आणि मातीची खरेदी त्याप्रमाणे ठरविता येईल.

मातीकडे वळणाऱ्या कारखान्याला लागते ती प्रथम जागा. जी फळी प्लास्टरच्या मूर्तीने दोन दिवसांत रिकामी होते, ती शाडूची मूर्ती आठवडा-दोन आठवडे अडवून ठेवते. पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे हा काळ आणखी लांबतो. वाळवणीसाठी बंदिस्त, हवेशीर शेड आणि पावसापूर्वी माती साठविण्यासाठी कोरडे कोठार या दोन गोष्टी एकेकट्या घराला परवडत नाहीत. अनेक घरांनी मिळून किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर त्या उभारता येतील. कर्जाचे हप्ते भाद्रपदानंतर पाडून देणे बँकांना अवघड नसावे. पीककर्जात हंगाम पाहिला जातोच.

मातीच्या पुरवठ्याला दुसरी वाटही आहे. पुण्यात विसर्जनानंतर तळाशी बसलेली शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचा उपक्रम काही वर्षांपासून चालू आहे. घरच्या बादलीत विसर्जित झालेल्या मूर्तीची माती वाळवून वेगळी ठेवली, तिच्यातील दोरे, फुले, रंगाचे पापुद्रे काढून ती चाळली, तर पुन्हा भिजवून मळता येते. वर्गात मुलांकडून शाडूची मूर्ती करवून घेणाऱ्या शिक्षकांना हे काम त्याच मुलांकडून अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात करवून घेता येईल.