सरासरीआड दडलेले तापमान

पाण्याचे मोठे पातेले चुलीवर ठेवले की तळाचे पाणी तापून हलके होते व वर चढते; वरचे थंड पाणी त्याची जागा घेते. आच वाढली की या ये-जा करण्यातील शिस्त मोडते आणि लहानमोठे भोवरे उठू लागतात. अशा प्रवाहास संक्षोभी प्रवाह म्हणतात. त्यात एकाच बिंदूवरील तापमान क्षणोक्षणी बदलत असते. मग ‘तापमान किती?’ या प्रश्नाचे उत्तर एका आकड्यात देता येईल काय?

ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी १८९५ मध्ये संक्षोभी प्रवाहाच्या वेगाचे ‘सरासरी’ आणि ‘चढउतार’ असे दोन भाग कल्पिले. तीच रीत तापमानासही लागू पडते. समजा, एका बिंदूवर पाठोपाठ ४०, ४४, ३८, ४२ व ३६ अंश सेल्सियस तापमान आढळले. सरासरी ४० अंश. तिच्यापासूनचे फरक ०, +४, –२, +२ व –४; यांची बेरीज शून्य. म्हणजे नुसत्या बेरजेतून चढउतार कळत नाहीत. म्हणून फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढतात. ती येथे ८ येते. तिचे वर्गमूळ सुमारे २.८ अंश. हे चढउताराचे माप होय.

परंतु हे फरक टिपणार कसे? नेहमीचा तापमापक स्वतः तापण्यास वेळ घेतो. ज्याचा कालस्थिरांक एक सेकंद आहे, अशा तापमापकास सेकंदाला दहा वेळा होणारा ४ अंशांचा चढउतार अवघा ०.०६ अंशाचा भासतो. तो शांतपणे सरासरी दाखवीत राहतो. यासाठी हवेच्या प्रवाहात सुमारे एक मायक्रॉन जाडीची प्लॅटिनमची तार वापरतात. माणसाचा केस तिच्याहून कितीतरी पटींनी जाड असतो. तापमान एक अंशाने वाढले की प्लॅटिनमचा विद्युत् रोध सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. तारेतून अत्यल्प वीजप्रवाह सोडतात, अन्यथा ती स्वतःच तापेल व माप चुकेल. पाणी विजेचे वाहक असल्याने तेथे विलेपित सूक्ष्म संवेदक किंवा बारीक तपयुग्म योजतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण उष्णता वाहून नेण्याचे काम मुख्यतः हे चढउतारच करतात. वर जाणारे पाणी सरासरीहून उष्ण, खाली येणारे थंड. वेगाचा व तापमानाचा फरक यांचा गुणाकार पहिल्या वेळी धन × धन, दुसऱ्या वेळी ऋण × ऋण. दोन्ही वेळा उत्तर धनच. दोन्ही हालचाली उष्णता वरच नेतात.

आणि दुर्लक्ष केल्यास किंमत मोजावी लागते. मे १९९८ मध्ये फ्रान्समधील सिव्हो येथील अणुवीजकेंद्रात, अणुभट्टीची उष्णता काढून नेणाऱ्या व्यवस्थेतील नळास भेग पडून गळती झाली. उष्ण व थंड पाणी मिसळत होते त्या भागात धातू सतत प्रसरण-आकुंचन पावून थकला होता. नळ भंगतो तो अशा वेळी सरासरी तापमानाने नव्हे, तर त्याच्या चढउतारांनी.

म्हणून यापुढे कोणी सरासरीचा आकडा पुढे ठेवला, तर आणखी दोन प्रश्न विचारावेत: तिच्याभोवती चढउतार किती होते, आणि ते टिपण्याइतके आपले साधन चपळ होते काय?