बॅटरीचं नंतर बघू

अगं, परवा फोनवर म्हणालीस, "ताई, जळजळीच्या गोळ्या खाऊन जीव विटला, आता पोटात बॅटरी बसवतात म्हणे, तीच बसवून घेऊ का?" तेव्हापासून तुझाच विचार डोक्यात आहे.

ते यंत्र खरं आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं कडं असतं. ते ढिलं पडलं की आंबट पाणी वर येतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून त्या कड्याला दोन तारा जोडायचे आणि पोटाच्या कातडीखाली पेसमेकरसारखी डबी बसवायचे. दिवसातून कितीतरी वेळा, अर्धा-अर्धा तास, ती कड्याला हलकी वीज द्यायची, म्हणजे कडं आवळलेलं राहायचं. सुरुवातीचे प्रयोग चिलीत सँटियागोला झाले, 2012 मध्ये युरोपात मान्यताही मिळाली. गोळ्यांनी न भागलेल्या काहींना त्यानं आराम पडला. पण अभ्यास थोड्याच माणसांवर झालेत, आणि आपल्याकडे हा काही नेहमीचा उपचार नाही.

दिवाळीत वरवंडला आले होते, तेव्हा तुझा दिवस बघितला गं. सकाळी उठून कोरा चहा, त्यावर शिळी भाकरी नि ठेचा, आणि मग मिसळणाच्या डब्यामागून पट्टी काढून पँटोप्राझोल. ती गोळी खाण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते. मीही वर्षभर जेवणानंतरच घेत होते, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि रात्री? शेतातली लाइट आली की दाजी उसाला पाणी द्यायला जातात, ते परत येईपर्यंत तू उपाशी. अकराला जेवतेस आणि तशीच आडवी होतेस. तू आधी जेवून घेत जा. दाजी रागावणार नाहीत, मी बोलते त्यांच्याशी. जेवण आणि झोप यांत तीन तास जाऊ देत. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेव, डाव्या कुशीवर झोप.

एवढं नीट करूनही जळजळ राहिली, तर मग तपासण्या. एंडोस्कोपी करतात, आणि नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास आम्ल मोजतात. जळजळ प्रत्येक वेळी आम्लाचीच असते असं नाही, आणि तसं निघालं तर ती बॅटरी काय करणार? घास अडकला, वजन उतरलं, शी काळी झाली, तर थांबू नकोस. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर आधी हृदय तपासून घे, पित्त समजून सोडा पिऊन बसू नकोस.

गोळी मनानं बंद करू नकोस. सोमवारी सोलापूर रोडवरून एस.टी. धर, जुने कागद नि गोळ्यांची पट्टी पिशवीत घाल. मी हडपसरला थांबते, मिळून डॉक्टरांकडे जाऊ.