खेड्यातील भाड्याचे घर : पुरवठा, किंमत आणि करारनामा

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव वसले आहे. येथे पोलीस ठाणे आहे. अंबाबरवा अभयारण्य जवळ असल्याने वनकर्मचाऱ्यांचाही राबता असतो. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, परिचारिका यांपैकी कोणीही अशा गावी बदलून आले की त्यांच्यापुढील पहिला प्रश्न घराचा असतो. शहरातील घरभाड्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. खेड्यातील भाड्याच्या घराचा विचार मात्र क्वचितच होतो.

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, हा दंडक जुनाच आहे. २०१९ मध्ये ग्रामविकास विभागाने त्यासाठी ग्रामसभेच्या ठरावाची अट घातली. त्यावर बराच वाद झाला. कर्मचारी गावात राहतो की नाही, हे ग्रामसभा सांगू शकते. परंतु त्याला राहण्याजोगे घर गावात होते काय, याची नोंद कोणत्याही ठरावात होत नाही. शौचालय व न्हाणीघर घरातच असलेले, पाण्याची सोय असलेले व स्वतंत्र दार असलेले दोन खोल्यांचे घर, एवढीच ही गरज असते. तीसुद्धा लहान गावात सहजी भागत नाही.

याचे कारण घरमालकाच्या हिशेबात सापडते. उदाहरणादाखल असे धरू, की दोन खोल्या, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांस ६ लाख रुपये खर्च आला आणि दरमहा २,००० रुपये भाडे मिळाले. वर्षाचे २४,००० रुपये, म्हणजे गुंतवणुकीवर ४ टक्के उत्पन्न झाले. त्यातून घरपट्टी, रंगसफेदी व दुरुस्ती वजा जाते. बदलीच्या काळात घर दोन-तीन महिने रिकामे राहिले तर आणखी तूट येते. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाया पुरेसा खोल नसेल, तर भिंतींना तडे जाऊन दुरुस्तीचा खर्च वाढतो. बँकेतील मुदत ठेव याहून अधिक देते आणि तिला तडेही जात नाहीत! केवळ भाड्याच्या आशेने खेड्यात कोणी घर बांधत नाही, ते यामुळेच. मुलांसाठी बांधलेल्या घराच्या एका बाजूस दोन खोल्या वाढविणे, हाच तेथील भाड्याच्या घरांचा खरा पुरवठा होय.

घराची किंमत बांधकामापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. गावठाणातील जागा मोजकीच असते आणि वारसांच्या वाटण्यांत तिचे तुकडे पडत जातात. गावठाणाबाहेरील शेतजमीन बिनशेती झाल्यावाचून तीवर रीतसर घर उभे राहत नाही. शिवाय १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीस बंधन घातले. महसूल संहितेच्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीच्या निवासी वापराची वाट सुकर केली आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी ही तरतूद मुळातून वाचावी.

दुसरी अडचण मालकीच्या पुराव्याची होती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा कर आकारणीसाठी असतो. तो मालकी हक्काचा निर्विवाद पुरावा नव्हे. त्यामुळे गावठाणातील घर तारण ठेवून कर्ज मिळणे कठीण जाई. पुणे जिल्ह्यातील सोनोरी (तालुका पुरंदर) येथे ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. या मोजणीतून मिळणारे मालमत्ता पत्रक हाती असेल, तर वाढीव खोल्यांसाठी बँकेकडे जाण्यास मालकाला आधार मिळतो.

राहता राहिली भाडेकरूविषयीची धास्ती. तिची मुळे वऱ्हाडात जुनी आहेत. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडे नियंत्रण आदेशानुसार, तो लागू असलेल्या ठिकाणी भाडे नियंत्रकाच्या पूर्वपरवानगीवाचून भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आल्यावर तो आदेश संपुष्टात आला. पण ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ हा समज टिकून राहिला. म्हणून कित्येक मालक तोंडी बोलीवर घर देतात. यातच खरी चूक आहे. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, तो लागू असलेल्या क्षेत्रात करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे जो कागद टाळून मालक स्वतःस सुरक्षित समजतो, तोच कागद त्याच्या कामी येणारा असतो. जेथे हा अधिनियम लागू नाही, तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहेच. वेगळा करार नसल्यास राहत्या घराचा भाडेपट्टा महिनेवारी समजला जातो व १५ दिवसांच्या नोटिशीने तो संपविता येतो. एका वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा मात्र नोंदवावाच लागतो.

करारात भाडे, अनामत रक्कम, वीजबिल, पाणीपट्टी व दुरुस्ती कोणाकडे, हे स्पष्ट लिहावे. दरमहा पावती द्यावी. बदलीचा आदेश आल्यास किती दिवसांत घर सोडावयाचे, हेही त्यात असावे. नोकरदार भाडेकरूच्या बाबतीत वाद बहुधा याच मुद्द्यावरून होतात. ग्रामपंचायतीने गावातील भाड्याने देण्याजोग्या रिकाम्या खोल्यांची यादी ठेवली, तर जूनमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला दारोदार फिरावे लागणार नाही आणि ग्रामसभेसमोर ठराव येईल तेव्हा सदस्यांनाही वस्तुस्थिती ठाऊक असेल.