सैनिकाचे घर आणि समाजाचा धर्म

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी सांगितली आहे. ते योग्य स्थळी, योग्य काळी व योग्य पात्री दिलेले असावे. आणि परतफेडीची अपेक्षा त्यात नसावी. प्रस्तुत पाठात ही कसोटी आपण आपल्या एका कर्तव्यास लावून पाहू.

नेहमी आपला व्यवसाय सांभाळणारा आणि राष्ट्राची हाक येताच गणवेश चढविणारा असा एक सैनिक असतो. शिवकाळी पावसाळ्यात शेत कसून दसऱ्यास सीमोल्लंघन करणारा मावळा याच जातीचा. स्वतंत्र भारतात १९४८ च्या कायद्याने प्रादेशिक सेना स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. १९६२, १९६५ व १९७१ च्या युद्धांत तिच्या तुकड्यांनी सेवा बजावली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि तिची प्रादेशिक सेनेची एक पलटण कोल्हापुरास असते. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

असा सैनिक सेवेवर निघतो तेव्हा आपण हार घालतो, जयघोष करतो. ते योग्यच आहे. परंतु खरी कसोटी त्यानंतरच्या महिन्यांत लागते. तो नोकरदार असेल, तर त्यास रजा देणे व परतल्यावर पूर्वीपेक्षा उण्या नसलेल्या अटींवर कामावर घेणे हे कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. पण ज्याचे स्वतःचे शेत वा दुकान आहे, त्याला कोण मालक? तेथे समाजानेच उभे राहिले पाहिजे.

म्हणून प्रथम काळ पाहावा. पेरणी टळली की वर्ष गेले. आपल्या खेड्यांतील इर्जिकीची चाल येथे उपयोगी पडेल. चार घरच्या बैलजोड्या वा एक ट्रॅक्टर दोन दिवसांत त्याचे रान पेरून देईल. दुकानदार असेल, तर त्याची गिऱ्हाइके शेजाऱ्याने तोडू नयेत.

दुसरे, स्थळ पाहावे. मदत घरपोच व्हावी. तिची नावे सभामंडपातील फळ्यावर लिहू नयेत. वृद्ध मातापित्यांस दवाखान्यात नेणे, मुलांचा अभ्यास घेणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद घेऊन सोबत जाणे, ही कामे पैशांहून मोलाची आहेत. तो कोठे आहे हे मात्र खोदून विचारू नये व चारचौघांत बोलू नये.

तिसरे, पात्र ओळखावे. हे कुटुंब दीन नाही; आपणच त्याचे ऋणी आहोत. त्याच्या त्यागाची ती अल्प परतफेड आहे, हे स्मरले की उपकाराचा अभिमान उरत नाही. ज्या घरचा वीर परतला नाही, तेथील पत्नीस हळदीकुंकवाच्या दिवशी दाराबाहेर ठेवणारा समाज कितीही पुष्पहार वाहो, त्याचा सन्मान पोकळ होय. तिला प्रथम आसन द्यावे.

आणि जो परतला, त्याच्याकडून लढाईच्या कथांचा आग्रह धरू नये. त्याचे मौनही आदराने ऐकावे.

मननासाठी प्रश्न : १. आपल्या आळीत असे घर कोणते? २. त्या घराचा उंबरठा आपण शेवटी केव्हा ओलांडला? ३. येत्या पंधरवड्यात तेथील कोणते एक काम आपण अंगावर घेऊ?

श्रींच्या कृपेने हा सेवाधर्म आपल्या हातून घडो.